उतरता येईल, पण परत उडता येईल का?

पत्र:

"सप्रेम नमस्कार. माझ्याकडे वैमानिकाचा खासगी परवाना आहे. १४० तास झाले आहेत, सगळे सेसना १७२ वर. आम्ही डोंगराळ भागात, वस्तीपासून बरंच लांब, सुट्टीसाठी एक घर घेतलं आहे. गाडीने नऊ तास लागतात, सरळ रेषेत अंतर ३५० किलोमीटर. घराला लागूनच गवताची धावपट्टी आहे: लांबी ९०० मीटर, उंची समुद्रसपाटीपासून २,००० फूट, एका टोकाला झाडं. तिथे इंधन मिळत नाही. आम्ही चौघं मिळून २७० किलो, कुत्रा २५ किलो आणि सामान साधारण ३५ किलो. विकायला निघालेलं एक १७२ माझ्या मनात भरलं आहे. मित्र म्हणतो, सायरस एसआर२२ घे, वेळ वाचेल. बायको म्हणते, दोन इंजिनं असतील तरच मी बसेन. नवं घ्यावं की जुनं, तेही ठरत नाही. की मुळात हा सगळा वेडेपणाच आहे?"

उत्तर:

वेडेपणा नाही. पण तुम्ही तिघंही विमानाकडे जातानाच्या बाजूने बघताय. तुमच्या बाबतीत विमान ठरवायचं ते परतीच्या बाजूने. सुट्टी संपली आहे, चौघं आणि कुत्रा आत बसले आहेत, टाकीत घरी पोचण्यापुरतं इंधन आहे आणि समोर ९०० मीटर गवत. तुमच्या सगळ्या प्रवासातला अवघड टेक-ऑफ तो. तो ज्या विमानाला जमेल ते तुमचं विमान. बाकीच्या आवडीनिवडी त्यानंतर.

सुरुवात वजनापासून करू, कारण आकडे तुम्ही दिलेच आहेत. माणसं, कुत्रा, सामान मिळून ३३० किलो. कोणत्याही विमानाच्या कमाल वजनातून रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं की जे उरतं त्याला युजफुल लोड म्हणतात, आणि माणसं, सामान, इंधन हे सगळं त्यातच बसवायचं असतं. आजच्या धाटणीच्या १७२ चा युजफुल लोड ४०० किलोच्या आसपास असतो. ३३० गेले, उरले ७०. एव्हगॅसचं, म्हणजे लहान विमानांच्या पेट्रोलचं, एक लिटर ०.७२ किलो भरतं, म्हणजे साधारण ९५ लिटर. १७२ तासाला ३५ ते ३८ लिटर पितं आणि १२० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे २२० किलोमीटरने, ३५० किलोमीटरला एक तास पस्तीस मिनिटं घेतं. जाण्यापुरतं साठेक लिटर आणि पाऊण तासाचं राखीव धरलं की टाकी जवळजवळ तिथेच संपली. तुम्ही पोचाल. परत यायला मात्र इंधन नाही, आणि धावपट्टीवर ते मिळत नाही. चार सीटं आहेत म्हणजे चार माणसं, असं लहान विमानांत जवळजवळ कधीच नसतं. चार सीटं आणि भरलेली टाकी यांतलं एकच मिळतं, असं धरून चालावं.

त्यामुळे मनात भरलेलं ते १७२ सोडून द्या. विमान वाईट नाही. १९५६ पासून ४४ हजारांहून जास्त बनली आहेत, जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही, आणि सुटे भाग आणि ते ओळखणारे मेकॅनिक सगळीकडे सापडतात. तुम्ही दोघंच जाणार असता तर मी तेच घ्या म्हटलं असतं.

आता धावपट्टी. इथे जरा थांबू, कारण घोटाळे इथेच होतात. विमानाच्या हँडबुकात टेक-ऑफसाठी दोन अंतरं दिलेली असतात: चाकं जमीन सोडेपर्यंतचं, आणि १५ मीटर उंचीचा अडथळा ओलांडेपर्यंतचं. विक्रेता पहिलं सांगतो. तुम्हाला दुसरं हवं, कारण तुमच्या टोकाला झाडं आहेत. १७२एसचं, म्हणजे आजच्या १७२ चं, हे दुसरं अंतर पूर्ण वजनावर सुमारे ५०० मीटर आहे. ९०० मध्ये ५०० म्हणजे ऐसपैस, असं वाटतं. पण तो आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश तापमानाचा, कोरड्या पक्क्या धावपट्टीचा, नव्या विमानाचा आणि ते विमान चाचणी वैमानिकाच्या हातात असतानाचा असतो.

ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने लहान विमानांच्या वैमानिकांसाठी काही गुणक छापले आहेत. मी सगळ्यांना तेच वापरायला सांगतो, कारण ते पाठ होतात आणि त्यांना कुणाची भीड नसते. दर १,००० फूट उंचीला टेक-ऑफचं अंतर १० टक्क्यांनी वाढतं. तापमान १० अंशांनी वाढलं की आणखी १० टक्के. कोरडं गवत, तेही टणक जमिनीवरचं आणि वीस सेंटिमीटरपर्यंतच, २० टक्के. ओलं असेल तर ३०. धावपट्टीला चढाच्या दिशेने २ टक्के उतार असेल तर १० टक्के. वजन १० टक्क्यांनी वाढलं तर अंतर २० टक्क्यांनी वाढतं. हे सगळे गुणक एकमेकांना गुणायचे, बेरीज करायची नाही. आणि शेवटी जे येईल त्याला १.३३ ने गुणायचं, ती सुरक्षिततेची शिल्लक.

तुमचं गणित करून बघा. ५०० मीटर, २,००० फुटांसाठी दोनदा १.१, सकाळचं तापमान त्या उंचीच्या सर्वसाधारण ११ अंशांऐवजी २१ धरलं तर पुन्हा १.१, कोरड्या गवतासाठी १.२. उत्तर येतं जवळपास ८०० मीटर. ९०० मध्ये बसलं, म्हणून लोक इथेच वही मिटतात. शिल्लक धरली की १,०६० होतात. म्हणजे भरलेलं १७२ तिथून निघालंच तर झाडांच्या शेंड्यांजवळून निघेल, आणि वैमानिकाने काहीही चुकवलं नसेल तरच.

दुपारी यापेक्षा वाईट. गरम हवा विरळ असते. पंखांना, पंख्याला (प्रोपेलरला) आणि इंजिनाला, तिघांनाही ती कमी पुरते. समुद्रसपाटीच्या प्रमाण तापमानापासून, म्हणजे १५ अंशांपासून, दर हजार फुटाला दोन अंश उतरायचे, त्याच्या वर जितके अंश जास्त तितक्यांदा उंचीत १२० फूट मिळवायचे, हा त्याचा ढोबळ हिशोब. तुमच्या घरी ३१ अंश असतील तेव्हा विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी २,००० नाही, ४,४०० फुटांवर असते. म्हणून कोणतंही विमान घ्या, परतीची वेळ सकाळची. जेवून, डुलकी काढून, चारला निघू असं ज्यांच्या घरात चालतं त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं.

(९०० मीटर हा आकडा मोजलेला आहे की सांगितलेला? घर विकणाऱ्याच्या तोंडची धावपट्टी नेहमी थोडी लांब असते. टेप घेऊन मोजा, दोन्ही टोकांची उंची घ्या म्हणजे उतार कळेल, आणि झाडांची उंचीही मोजा. १५ मीटरच्या वर असतील तर वरचं सगळं गणित आणखी कडक होतं. तोडता येत असतील तर परवानगी काढून तोडा. चार झाडं तोडणं हे मोठं इंजिन घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.)

माझं उत्तर: सेसना १८२. दिसायला १७२ चाच थोरला भाऊ, वर पंख, तीच बैठक, तुमचे १४० तास वाया जात नाहीत. पण इंजिन १८० ऐवजी २३० अश्वशक्तीचं आणि कमाल वजन १,४०६ किलो. युजफुल लोड साधारण ५०० किलो, प्रत्येक विमानाचा वेगळा, म्हणून घेताना त्या विशिष्ट विमानाचा वजनाचा कागद बघायचा, जाहिरात नाही. १४० नॉटने तुमचं अंतर एक तास वीस मिनिटांचं. चढाईसकट एका बाजूला ८० लिटर धरा. दोन्ही बाजूंचे १६०, पाऊण तासाचं राखीव आणि थोडं हाताशी, असे २१० लिटर, म्हणजे १५१ किलो. ३३० त्यात मिळवले की ४८१. घरून निघताना बसलं, आणि इंधन दोन्ही वेळचं आहे.

परतीला टाकीत १३० लिटर उरलेले असतील, म्हणजे ९४ किलो. एकूण ४२४. विमान कमाल वजनापेक्षा ७६ किलोंनी, पाचेक टक्क्यांनी हलकं. १८२टी चं, म्हणजे अलीकडच्या १८२ चं, १५ मीटर ओलांडण्याचं अंतर ४६० मीटरच्या आसपास. उंची, तापमान, कोरडं गवत यांनी गुणलं की ७३५, हलकं असल्याचा फायदा घेतला की ६७० च्या जवळ, शिल्लक धरून ८९०. नऊशेत बसलं, जेमतेम. हे जेमतेम मी मुद्दाम लिहितोय. गवत ओलं असेल तर तोच आकडा ९६५ वर जातो आणि मग काहीतरी मागे ठेवावं लागेल: सामान, किंवा कुत्रा आणि त्याच्यासोबत थांबायला तयार असलेला मुलगा, किंवा निघण्याचा दिवस. जूनपासून गवत महिनोन्‌महिने ओलं राहत असेल अशा ठिकाणी ते घर त्या काळात विमानाने जाण्याचं घर नाही असंच समजायचं.

एक सापळा इथे आहे. लँडिंगचं अंतर टेक-ऑफपेक्षा कमी असतं. १८२ चं पूर्ण वजनावर ४१० मीटर, आणि त्याचे गुणकही सौम्य आहेत: हजार फुटाला ५ टक्के, दहा अंशांना ५, कोरड्या गवताला १५, शेवटची शिल्लक १.४३. तुमच्या धावपट्टीवर हे ७८० च्या आसपास येतं. म्हणजे अशी कितीतरी मैदानं असतात जिथे विमान छान उतरतं आणि तिथून ते नंतर ट्रकवर घालून न्यावं लागतं. उतरलो म्हणजे जमलं, हा निष्कर्ष मोडून टाका. आणि ओल्या गवताचा लँडिंगचा गुणक १.३५ आहे, टेक-ऑफपेक्षा जास्त, कारण ब्रेक लागत नाहीत. पूर्ण वजनावर ओल्यात उतरायला ९०० पुरत नाहीत.

आता मित्राचं सायरस. एसआर२२ फार चांगलं विमान आहे, ३१० अश्वशक्ती, १७५–१८० नॉट सहज, आणि संपूर्ण विमानाला खाली आणणारं पॅराशूट. पण ते रस्त्यासारख्या धावपट्टीचं विमान आहे. पंख खाली, चाकं लहान आणि आवरणात झाकलेली, पंख्याला जमिनीपासून फार जागा नाही, आणि टेक-ऑफला १८२ पेक्षा जास्त अंतर लागतं. गवतावर ते उतरतच नाही असं नाही, उतरवणारे आहेत. दर आठवड्याला, खड्ड्यांच्या, चौघांनी भरलेल्या ९०० मीटरवर मात्र मी ते नेणार नाही. आणि वेळ किती वाचला? तुमच्या अंतरावर १८२ पेक्षा पंधरा-सोळा मिनिटं. तेवढा वेळ विमानाचं कव्हर काढून घडी घालण्यात जातो. वेगाला किंमत हजार किलोमीटरच्या प्रवासात असते. ३५० मध्ये जो वेळ जातो तो घरापासून विमानतळापर्यंत, तपासणीत, इंधन भरण्यात आणि हवामान निवळायची वाट बघण्यात.

सहा सीटांचं सेसना २०६ तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. मागे मोठा दुहेरी दरवाजा, ३०० अश्वशक्ती, ओझं वाहायला अप्रतिम. पण भरलेल्या २०६ ला १८२ पेक्षा लांब धावपट्टी लागते. मुलं मोठी होऊन मित्र आणायला लागली आणि झाडं गेली, तर तेव्हा बघा. मागच्या चाकाची, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेली विमानं, मौल किंवा हस्की वगैरे, अशा जागेसाठीच बनली आहेत, फक्त हस्कीमध्ये दोघंच बसतात, आणि मागच्या चाकाचं विमान आडव्या वाऱ्यात जमिनीवर गर्रकन फिरू शकतं. ते शिकायला वेगळे तास लागतात. कोडियाकसारखी, जेट इंधनावर चालणारी टर्बाइनची विमानं तुमच्या धावपट्टीला हसत हसत पुरी पडतील. त्यांचा देखभालीचा खर्च बघून हसू थांबतं. त्यांचं नाव घ्यायचं एकच गंभीर कारण असू शकतं, ते म्हणजे इंधन. एव्हगॅस बऱ्याच ठिकाणी दुर्मिळ होत चाललं आहे, जेट इंधन मोठ्या विमानतळांवर मिळतंच. तुमच्या मुख्य विमानतळावर एव्हगॅस नियमित मिळतं का, हे विमान बघायला जाण्याआधी विचारा. मिळत नसेल तर डायमंड डीए४० एनजी सारखं जेट इंधनावर चालणारं डिझेल इंजिनाचं विमान विचारात घ्यावं लागेल. त्याचा युजफुल लोड मात्र कमी आहे, आणि वरचं सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून.

बायकोचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. जंगलावरून जाताना एकच इंजिन आहे ही भीती रास्त आहे. पण दोन इंजिनं हे तिचं उत्तर नव्हे, निदान तुमच्यासारख्या १४० तासांच्या वैमानिकासाठी नाही. लहान दुहेरी विमानाचं एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास कमी होते, कारण उडत राहण्यातच बहुतेक ताकद खर्च होत असते. गरम हवेत, भरलेलं विमान, टेक-ऑफनंतर लगेच: काही विमानं मुळीच चढत नाहीत. शिवाय चालू इंजिन विमानाला एका बाजूला खेचतं, वेग एका मर्यादेखाली गेला की सुकाणूला ते आवरत नाही आणि विमान उलटतं. हे सगळं काही सेकंदांत, सराव कायम ठेवलेल्या हातांनी करायचं असतं. महिन्यातून दोनदा उडणाऱ्याकडे तो सराव नसतो. दोन इंजिनांची देखभाल दुप्पट आणि इंधनही जवळजवळ तितकंच.

तिला हेही सांगा की हवेत इंजिन बंद पडल्याच्या कितीतरी घटनांत इंजिन धडधाकट असतं. टाकीत इंधन संपलेलं असतं, नाहीतर इंधनात पाणी असतं, नाहीतर टाकी बदलायची राहिलेली असते. या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत: टाकीत काडी घालून बघायचं, खालून नमुना काढून बघायचा, राखीवला हात लावायचा नाही. रात्री त्या जंगलावरून जायचं नाही, हा नियम तिच्यासमोर, तिच्या साक्षीने करा. मार्ग शक्य तिथे सरळ रेषेऐवजी मोकळ्या पठारांवरून, रस्त्यांवरून आखा. पाच-सात मिनिटं जास्त लागतील. पॅराशूट तिला धीर देत असेल तर ते १८२ ला मागाहूनही बसवता येतं. त्याचं वजन तुमच्या युजफुल लोडमधून जातं, म्हणजे सामान आणखी कमी.

नवं की जुनं? जुनं. १८२ सुद्धा १९५६ पासूनच आहे. १९८६ मध्ये सेसनाने ही लहान विमानं बनवणं थांबवलं आणि नव्वदच्या दशकात पुन्हा सुरू केलं. त्यामुळे बाजारात दोन पिढ्या दिसतात. जुन्या पिढीतली बरीच विमानं रिकामी असताना हलकी असतात, म्हणून कागदावर तुमच्यासाठी चांगली. त्यांच्या खोडीही माहीत असू द्या. ओ-४७० इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये दमट हवेत बर्फ धरतो. काहींच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या असतात, त्यांना सुरकुत्या पडल्या की खाचेत पाणी साचून राहतं आणि नमुन्यात दिसत नाही. आणि सगळ्याच १८२ चं नाक जड असतं. नवख्याने पुढच्या चाकावर आपटलं की धक्का इंजिनामागच्या भिंतीपर्यंत जातो. बघायला जाल तेव्हा मेकॅनिकला त्या फायरवॉलवर सुरकुत्या आहेत का, हे आधी बघायला सांगा. विक्रेत्याचा चेहराही त्या वेळी बघण्यासारखा असतो.

मेकॅनिक तुमचा, विक्रेत्याचा नव्हे, आणि शक्यतो त्या विमानाला पूर्वी कधी हात न लावलेला. त्याने सिलिंडरचा दाब मोजावा, आत कॅमेरा घालून व्हॉल्व्ह बघावेत, तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघावं, पंखांच्या आत गंज शोधावा, आणि लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचावीत. लॉगबुक हरवलं आहे असं कळलं तर भाव करत बसू नका, उठून या. विमानावर कुणाचं कर्ज तर नाही ना, हेही पाहा.

"कमी उडालेलं" या दोन शब्दांना भुलू नका. नव्या पिढीच्या १८२ मधलं लायकमिंगचं इंजिन २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी उघडावं, असं कंपनी सांगते, आणि तो वर्षांचा आकडा लोक विसरतात. पंधरा वर्षांत ४०० तास उडालेलं इंजिन मला दरवर्षी १०० तास उडणाऱ्या इंजिनापेक्षा जास्त संशयास्पद वाटतं. या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं आणि ओलाव्याने गंज धरतो. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवून ठेवणं हा उपाय नाही, उलट त्याने आत पाणी तयार होतं आणि तेल इतकं तापत नाही की ते उडून जावं. हीच गोष्ट तुम्हालाही लागू आहे: घर फक्त मोठ्या सुट्ट्यांत वापरणार असाल तर मधल्या महिन्यांत हे विमान कोण उडवणार?

त्यावरचं उत्तर बहुधा भागीदार. एक, फार तर दोन. ज्याला आठवड्यातले कामाचे दिवस हवे आहेत असा, आणि ज्याच्या लँडिंगवर तुमचा विश्वास आहे असा. हँगर, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च विमान उडो न उडो होतच असतो, तो वाटला जातो आणि इंजिनही हलतं राहतं. विमा घेताना गवताच्या खासगी धावपट्टीचा उल्लेख पॉलिसीत लेखी हवा. बऱ्याच पॉलिसी ते धरत नाहीत, काही १८२ वर अमुक तास प्रशिक्षकासोबत झाल्याशिवाय धरत नाहीत. ते तास तुम्हाला तसेही लागणारच आहेत, कारण १८२ ला पंख्याचा कोन बदलण्याचा वेगळा दांडा आहे, इंजिनाला हवा देणाऱ्या झडपा आहेत, आणि वेग कमी करायचा तर १७२ पेक्षा बराच आधी विचार करावा लागतो. काही तास प्रशिक्षकाला घेऊन तुमच्या त्याच धावपट्टीवर घालवा. आधी दोघंच, हलक्या विमानात, मग वजन भरून. हवामानासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंगही, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडण्याची परवानगीही, काढा. ढगांत शिरायला म्हणून नाही, कारण तुमच्या धावपट्टीवर ढगांतून उतरण्याची सोय नसणारच. पण ते शिकलेला वैमानिक नकळत ढगांत सापडला तर बाहेर पडतो. आणि सोमवारी सकाळी कामावर हजर राहायलाच हवं अशा आठवड्यात रविवारी विमानाने परतायचा बेत करू नका. ज्या परतीला एक दिवस उशीर चालत नाही ती गाडीने करा.

धावपट्टीची देखभाल तुमच्याकडेच येणार. गवत कापलेलं हवं, खड्डे भरलेले हवेत, एक वाऱ्याची पिशवी हवी, आणि निघण्याआधी फोनवर "ओलं आहे, गुरं नाहीत" इतकं सांगणारं शेजारी कुणीतरी हवं. पोचल्यावर एक फेरी खालून मारून बघायचं आणि मगच उतरायचं. चाकांवरची आवरणं काढून ठेवा, त्यांत चिखल भरतो. उभ्या विमानाच्या इंजिनाच्या आवरणात पक्षी एका सकाळीत घरटं करतात, त्यामुळे हवेच्या तोंडांना बुच घालायची आणि तरी निघताना आत टॉर्च मारायचा. पिंपांत इंधन साठवून ठेवायचा मोह होईल, त्याने परतीचं गणित सुटल्यासारखं वाटतं. तिथले आगीचे आणि साठवणुकीचे नियम आधी बघा. आणि साठवलंच तर पाण्यापासून गाळून भरा. महिनाभर उभ्या पिंपात रात्रीच्या गारव्याने पाणी धरतं.

बायकोबद्दल शेवटची सूचना. बऱ्याच फ्लाइंग क्लबांत वैमानिकासोबत बसणाऱ्यांसाठी छोटं प्रशिक्षण असतं, काही तासांचं: रेडिओवर मदत कशी मागायची, विमान सरळ कसं धरायचं, आणि तुम्हाला काही झालंच तर ते जवळच्या लांब पक्क्या धावपट्टीवर कसं उतरवायचं. १८२ घेण्याआधी तिला ते करू द्या, तुमच्याशिवाय, तिच्या स्वतःच्या प्रशिक्षकाबरोबर. त्यानंतरही ती नाही म्हणाली तर विमान एका माणसाने हलकं झालं म्हणून आनंद मानू नका. तिच्या प्रशिक्षकाला भेटून विचारा की तिला नेमकं काय खटकलं. कधीकधी ते विमानाबद्दल नसतं, वैमानिकाबद्दल असतं, आणि ते तासांनी सुधारतं.